एवाल्डच्या व्हरांड्यातली टोपली

खरं प्रेम अमर असतं. काळ, अंतर, समुद्र यांपैकी कशाचीही झळ त्याला लागत नाही. आमच्या लिंडेनटालमध्ये असं एक प्रेम चोपन्न वर्षं व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगलेलं होतं, आणि दर ऑक्टोबरात त्याला किडीचं औषध मारावं लागायचं.

टोपली वेताची होती, आणि ती एवाल्ड नोस्केची होती. औषध मारायचं कामही त्याचंच. गेल्या ऑक्टोबरात मात्र गुडघ्यांमुळे त्याला स्टुलावर चढवलं नाही आणि औषध राहून गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा; मी ठेवली नव्हती.

मी एवाल्डचा शेजारी, रायनहोल्ड झिल्म. गावात रायनी. आमच्या दोघांच्यात एक कुंपण आहे आणि त्या कुंपणात कांगारूंनी पाडलेलं एक भगदाड आहे. दर गुरुवारी मी त्या भगदाडातून पत्ते खेळायला जातो. इतक्या वर्षांत ती टोपली तिथं कशासाठी टांगली आहे, हे मी त्याला विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. आमचे पणजोबा-खापरपणजोबा प्रार्थनेच्या पोथीवरून प्रशियाच्या राजाशी भांडले आणि जहाजात बसून ऑस्ट्रेलियाच्या या डोंगरांत येऊन उतरले. राजाशी बोलण्यातच घराण्याचा बोलण्याचा साठा संपला असावा. पुढच्या पिढ्यांना फक्त द्राक्षं, चर्च आणि काकडीचं लोणचं मिळालं.

बोलणं टाळण्यासाठी आमच्या पूर्वजांनी सोयीही करून ठेवल्या आहेत. त्यातली एक टोपलीची. मार्चमध्ये तोडणी सुरू झाली की प्रत्येक घर पहिले घड टोपलीत घालून शेजाऱ्याकडे पाठवतं. टोपली रिकामी परत करायची नसते. अंडी घाला, लोणचं घाला, काहीही घाला. पण एखाद्या तरुणानं टोपलीच्या कडीला लाल फीत बांधून ती एखाद्या मुलीच्या नावानं पाठवली, तर गोष्ट वेगळी. मग टोपलीतून काय परत येतं याकडे दोन्ही घरांचं लक्ष असतं. भरलेली आली, तर मुलानं येत्या रविवारी तिच्या घरी कॉफीला जायचं आणि तारीख ठरवायची. रिकामी आली, तर नाही जायचं. कुणाला तोंडानं नकार द्यावा लागत नाही, कुणाला तो ऐकावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही तोडणीला एकाच ओळीत उभी राहू शकतात.

मी वीस वर्षांचा होतो त्या मार्चमध्ये एवाल्डनं माझ्या थोरल्या बहिणीच्या, थेक्लाच्या नावानं लाल फितीची टोपली पाठवली. थेक्ला बावीसची, तो पंचवीसचा. थेक्लानं सकाळभर ओव्हनपाशी उभं राहून मधाची बिस्किटं केली, टोपली भरली, वर निळ्या चौकटीचं फडकं घातलं आणि ती एवाल्डकडे पोचवायला माझ्याकडे दिली.

एवाल्ड कॉफीला आला नाही.

आईनं त्या रविवारी केक केला होता. पुढच्याही रविवारी केला. तिसऱ्याही. तिन्ही केक मी खाल्ले. चौथ्या आठवड्यात थेक्लानं शहरातल्या नर्सिंग शाळेत नाव घातलं, तिथून ती कॅनडाला गेली, तिथं एका स्कॉट माणसाशी लग्न केलं, आणि आई-वडिलांच्या अंत्यविधीला दोनदा येण्यापलीकडे पुन्हा आली नाही. आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. दोन्ही वेळा एवाल्डनं दारात टोपी काढून तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदा म्हणाला, "फार चांगल्या होत्या." दुसऱ्यांदा म्हणाला, "फार चांगले होते."

माझ्या बहिणीची बिस्किटं खाऊन गप्प बसलेल्या माणसाबद्दल माझ्या मनात राग होता. पण मीही तीन केक खाल्ले होते, त्यामुळे तो फार धारदार राहिला नाही. दोन-तीन वर्षांत मी एवाल्डला माफ करून टाकलं. ते त्याला सांगितलं नाही, पण पत्ते खेळताना त्याला ते जाणवावं अशी माझी अपेक्षा असे. तोही माझ्याशी नेहमी जरा जपून, मोठ्या मनानं वागे. मला वाटे, याला पश्चात्ताप होत असणार.

एवाल्डनं लग्न केलं नाही. गेल्या काही वर्षांत त्यानं द्राक्षमळा शहरातल्या एका दंतवैद्याला विकला. स्वतःकडे घर आणि द्राक्षाच्या दोन ओळी ठेवल्या. दंतवैद्यानं मळ्यात काचेची एक खोली बांधली. तिथं बसमधून आलेले लोक वाइन चाखतात, मान हलवतात आणि दारू थुंकण्याच्या भांड्याकडे दुर्लक्ष करतात. बाटलीवर एवाल्डच्या आजोबांचा फोटो आहे. आजोबा दारूला शिवत नसत.

एवाल्डला सोबत म्हणाल तर एक पॉसम. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, दिवसभर छपरात झोपणारा प्राणी. दिवेलागणीला तो पन्हाळीवरून खाली येतो, व्हरांड्याच्या कठड्यावर बसतो आणि दोन हातांत धरून मध लावलेला पाव खातो. हा आताचा बहुधा सहावा-सातवा. मुलगा, नातू, पणतू, सगळे त्याच वेळेला, त्याच कठड्यावर. एवाल्ड सगळ्यांना पास्टर, म्हणजे धर्मगुरू, म्हणतो, कारण सगळे न बोलावता येतात आणि खाऊन झाल्याशिवाय उठत नाहीत.

तर गेल्या मार्चमध्ये थेक्लाचा फोन आला.

"रायनी, मी येतेय. आमच्या ज्येष्ठ मंडळाची सहल आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी अकरा चाळीस ते बारा पन्नास लिंडेनटाल."

"सत्तर मिनिटं?"

"त्यात वाइन, कोआला आणि बाथरूम. कार्यक्रम छापलाय. त्यात लिहिलंय, जुन्या जर्मन वस्तीचं दर्शन. दर्शन म्हणजे तू असशील."

"मग राहा की चार दिवस. खोली आहे."

"पुढचं विमान ठरलंय. गटाचं तिकीट आहे, रायनी, मागे राहता येत नाही. शिवाय माझ्या खोलीत झोपणाऱ्या बाईला रात्रीचं औषध मीच देते." जरा थांबून ती म्हणाली, "एवाल्ड आहे का अजून?"

"आहे. गुडघे गेलेत. बाकी आहे."

"असू दे. सहज विचारलं."

त्या गुरुवारी पत्ते खेळताना मी बातमी सांगितली. एवाल्डनं हातातला एक्का चौकटच्या सत्तीवर वाया घालवला. तो असा खेळत नाही. नंतरचे तीन डाव मी जिंकलो आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

पुढच्या गुरुवारी साडेदहाला मी भगदाडातून गेलो तेव्हा एवाल्ड अंत्यविधीचा काळा कोट घालून व्हरांड्यात उभा होता. केसांना पाणी लावलं होतं. टेबलावर त्याच्या आईचे सोनेरी कडेचे कप मांडले होते, जे आमच्याकडे फक्त रविवारी निघतात.

"आज गुरुवार आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. याच कोटाला बटणं आहेत सगळी." तो बाकावर बसला. पुन्हा उठला. पुन्हा बसला. "रायनी, एक विचारू?"

एवाल्डनं असं मागच्या वेळी म्हटलं होतं तेव्हा त्याच्या छपराला आग लागली होती आणि त्याला शिडी हवी होती.

"विचार."

"तुझ्या बहिणीनं मला रिकामी टोपली का पाठवली?"

समोरच्या निलगिरीवर एक कोआला फांदीच्या बेचक्यात मुटकुळं करून झोपला होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"तिला नको होतं ते ठीक आहे," एवाल्ड म्हणाला. "त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आदल्या आठवड्यात बँडच्या नाचाला ती माझ्याबरोबर चार वेळा नाचली होती. चौथ्या वेळी स्वतःहून. मग त्या पाच दिवसांत माझं काय चुकलं, तेवढं मला कळलं पाहिजे. चोपन्न वर्षं मी ते पाच दिवस तपासतोय. मंगळवारी मी तिच्या वडिलांच्या घोड्याला जरा बोललो होतो. पण तेवढ्यावरून?" त्यानं टोपलीकडे पाहिलं. "तुला मी कधी विचारलं नाही. बहिणीचा नकार तुला ठाऊक असून तू माझ्याशी पत्ते खेळत राहिलास. मला ते फार मोठं वाटलं."

म्हणजे इतकी वर्षं तोही मला माफ करत होता.

"एवाल्ड," मी म्हणालो, "रिकामी होती हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सकाळी उठलो तर इथं होती. दारापाशी, सरळ उभी. आई व्हरांडा झाडत होती, तिनं बाजूला ठेवली. आत काही नाही."

मला पुढचं बोलायचं होतं. शब्द तयारही होते, थोडेच होते. पण तेवढ्यात वळणावर बसचा भोंगा वाजला. ठरलेल्या वेळेपेक्षा बस तासभर आधी आली होती, आणि मी आयुष्यात प्रथमच एखाद्या बसचे मनापासून आभार मानले.

बसमधून एकोणतीस माणसं उतरली. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पाट्या होत्या, हरवली तर परत करायला सोयीच्या. त्यात थेक्ला होती. पांढरे आखूड केस, लाल पावसाळी जाकीट, हातात काठी. तिनं कोआला पाहिला नाही, काचेची खोली पाहिली नाही. ती मळ्याच्या पलीकडे एवाल्डच्या व्हरांड्याकडे बघत उभी राहिली. पण गटाच्या बाईनं झेंडा वर केला आणि ती बाकीच्यांबरोबर काचेच्या खोलीत गेली. वाइन आधी होती. कार्यक्रम छापलेला होता.

आम्ही व्हरांड्यातून बघत राहिलो. काचेतून तिचं लाल जाकीट दिसत होतं. ते एका टेबलापाशी गेलं, दुसऱ्या टेबलापाशी गेलं, थांबलं.

"चाळीस मिनिटं झाली," एवाल्ड म्हणाला.

"पाच वाइन असतात."

"माझ्या वेळी एक होती." त्यानं कॉफीच्या किटलीवर हात ठेवून पाहिला, आत नेऊन पुन्हा गरम करून आणली. तिसऱ्यांदा.

मग ती आली. द्राक्षाच्या दोन ओळींमधून, काठी काखेत धरून, तीन बाटल्या तान्ह्या मुलासारख्या छातीशी कवटाळून. दंतवैद्याची कागदी पिशवी वाटेतच फाटली होती. तिनं बाटल्या बाकावर ठेवल्या, माझ्या गालाला गाल लावला आणि एवाल्डसमोर उभी राहिली.

"एवाल्ड."

"थेक्ला. बस. कॉफी आहे."

"वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली आणि बसली. तिनं कप उचलून त्याची सोनेरी कड पाहिली. "आज गुरुवार आहे ना?"

"याला तेच वाटलं," एवाल्ड माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

ती कॉफी प्यायली. त्यानं आणलेला केक तिनं अर्धा खाल्ला. तुझे गुडघे, माझं कंबरडं, तुझ्या नाती, माझी दोन ओळींची द्राक्षं. कॅनडात हिवाळ्यात नाकातला श्वास गोठतो. इथं यंदा काकाकुव्यांनी निम्मे घड तोडले. बोलणं चाललं होतं आणि दोघांपैकी कुणीही त्या खिळ्याकडे बघत नव्हतं. चौदा मिनिटं उरली. बारा.

शेवटी थेक्लाच म्हणाली, "एवाल्ड, ती बिस्किटं कशी झाली होती?"

"कुठली?"

"माझी. नऊ होती. मधलं हृदयाच्या आकाराचं, वर बदाम लावलेला. खूप भाजली गेली होती का? मला नंतर वाटलं, खालून करपली असतील. तिकडे कितीतरी वर्षं मी ती पुन्हा करून पाहिली. माझ्या नवऱ्याला वाटायचं, मला नाताळची आठवण येते."

एवाल्डनं कप खाली ठेवला. बशीवर आवाज होऊ न देता ठेवला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. थेक्लानंही पाहिलं.

आता कुठलीही बस येणार नव्हती.

"मी हातात नाही दिली," मी म्हणालो. "दार वाजवलं, कुणी आलं नाही. मागे द्राक्षं तुडवत होते सगळे. मी इथं ठेवली, दारापाशी. संध्याकाळ झाली होती. सुगीच्या उत्सवाची बँडची तालीम होती."

"काय वाजवायचास तू?" एवाल्डनं विचारलं.

"ते मोठं. पितळी."

"बरं वाजवायचास?"

"नाही."

एवाल्डनं मान हलवली. मग छपराकडे पाहिलं. वर पन्हाळीच्या आतल्या बाजूला काहीतरी झोपेत कूस बदलल्यासारखं खसफसलं.

"त्या आठवड्यात मला पन्हाळीत एक फडकं सापडलं होतं," तो सावकाश म्हणाला. "निळ्या चौकटीचं. मला वाटलं, वाऱ्यानं आलं. अठरा वर्षं मी त्यानं चष्मा पुसला. आणि त्याच आठवड्यापासून तो पहिला पॉसम रोज यायला लागला. ठरल्या वेळेला, कठड्यावर. माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मला वाटलं, याला माझी दया आली. म्हणून मी पाव ठेवायला लागलो."

"कशाबरोबर?" थेक्लानं विचारलं.

"मध लावून. नुसता खात नाही."

थेक्लाच्या तोंडावर हसू येऊन कडेलाच थांबलं. तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तीन रविवार," ती म्हणाली. "कॉफी तयार होती."

"मी आलो असतो."

"हो. आज कळलं ते."

"पहिल्याच रविवारी आलो असतो. कोट इस्त्री करून ठेवला होता. हाच."

तिनं कोटाच्या बाहीवर हात ठेवला, कापड कसं आहे ते बघतात तसा, आणि नंतर काढला नाही. काकाकुव्यांचा एक थवा किंचाळत मळ्यावरून गेला. मी माझ्या कपातल्या गाळाकडे बघत होतो. तिथून उठून जायला हवं होतं हे मला कळत होतं. पण एकदा मी याच व्हरांड्यातून फार लवकर निघून गेलो होतो.

खाली बसचा भोंगा वाजला. लहान, सभ्य भोंगा. पहिली सूचना.

एवाल्ड उठला. स्टूल ओढलं. मी त्याची कंबर धरली, तो चढला आणि चोपन्न वर्षांत प्रथमच ती टोपली खिळ्यावरून खाली आली. कोटाच्या बाहीनं त्यानं तिच्यावरची धूळ पुसली. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून, गुडघे सावरत, तो त्याच्या ओळीपाशी गेला आणि खिशातल्या चाकूनं दोन घड कापले. काकाकुव्यांनी न टोचलेले दोन शोधायला त्याला वेळ लागला. ते वर आणून त्यानं टोपलीत ठेवले. मग कोटाचे खिसे चाचपले, पॅंटचे चाचपले. काय शोधतोय ते मला कळलं. मी आत गेलो. स्वयंपाकघरात मागच्या नाताळच्या भेटीवरची लाल फीत खुंटीला गुंडाळलेली होती. ती आणून त्याच्या हातात दिली. या वेळी हातात.

गाठ काही नीट बसली नाही. त्यानं टोपली तिच्यापुढे धरली. बोलला काहीच नाही. टोपली असताना बोलायचं नसतं.

थेक्लानं ती दोन्ही हातांनी घेतली. फितीकडे बघत राहिली. "मी आता परत काय पाठवणार, एवाल्ड?" ती हलकेच म्हणाली. "विमानात मध नेऊ देत नाहीत."

"रिकामी पाठवलीस तरी चालेल," तो म्हणाला. "आता मला कळेल."

भोंगा पुन्हा वाजला. या वेळी तेवढा सभ्य नव्हता. झेंडेवाली बाई मळ्याच्या टोकाशी उभी राहून हात हलवत होती. थेक्लानं डोळे पुसले, काठी काखेत धरली, टोपली बाकावर ठेवून तिन्ही बाटल्या एकेक करून द्राक्षांच्या बाजूला बसवल्या आणि कडी हातात धरून टोपली उचलली.

कडी वर आली. बाजू वर आल्या. बूड जागच्या जागी राहिलं.

वेताचा पिवळा भुगा बाकावर सांडला. एक घड एवाल्डच्या बुटावर पडला, दुसरा कठड्याखाली गेला. दोन बाटल्या बाकावरच राहिल्या, तिसरी हळूहळू घरंगळत व्हरांड्याच्या टोकाशी गेली आणि पास्टरच्या पाणी प्यायच्या वाडग्याला टेकून थांबली. फुटलं काहीच नाही. थेक्ला बूड नसलेली टोपली हातात धरून उभी होती. तिच्यातून पलीकडे बस, झेंडा आणि झाडावर झोपलेला कोआला व्यवस्थित दिसत होते. लाल फीत जागच्या जागी होती.

आम्ही तिघंही त्या टोपलीतून पलीकडे बघत राहिलो. मग थेक्लानं एवाल्डकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं, बसकडे पाहिलं.

"एवाल्ड," ती म्हणाली, "पुठ्ठ्याचं एखादं खोकं आहे का रे घरात? झाकण नसलं तरी चालेल."